लहान ट्रॅक्टर व दुचाकी ट्रॉली : ओझे कसे भरावे

बेंबळीच्या परिसरात पुष्कळ घरच्या बैलजोड्या गेल्या व त्यांच्या जागी लहान ट्रॅक्टर आले. सोयाबीन, तूर, हरभरा बाजारात पोचविण्याचे काम आता त्यांजकडे आहे. यंत्र आले, परंतु ओझे भरण्याची जी विद्या आपल्या वडिलांस बैलगाडीवर अवगत होती, ती मात्र विसरली जात आहे. तीच ट्रॉलीसही लागू पडते, हे दाखविण्याचा येथे हेतु आहे.

गाडी मागे जड झाली म्हणजे उलाळ होते. जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यास ताण बसतो. पुढे फार जड झाली तर जू मानेवर दडपते. म्हणून जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवी. दुचाकी ट्रॉलीचा न्याय हाच होय. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर पडावा. समजा, रिकामी ट्रॉली ८०० किलो व माल १२ क्विंटल, म्हणजे एकूण २,००० किलो. तर हुकावर सुमारे २०० किलो यावे. कमी पडल्यास ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड जाते व ट्रॉली डोलू लागते. फाजील पडल्यास पुढील चाके हलकी होऊन ट्रॅक्टर वळत नाही.

हे पाहण्यास ट्रॉली सपाट जागी उभी करून, तिची दांडी हुकाच्या उंचीवर येईल अशा बेताने तोलकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर टेकवावी. आकडा समोर दिसतो.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांतील चुका काढल्या. परंतु एका सुगीत, ट्रॉली भरून झाल्यावर, शेजाऱ्याची चार पोती मीच शेवटास टाकावयास लावली. चढावर ट्रॉली उलाळली, खिट्टी न लावलेली पिन उसळून निघाली, व ट्रॉली मागे घरंगळत नाल्यात गेली. दांडीवर बसलेला माझा नातू चढापूर्वीच खाली उतरला होता, एवढेच दैव. त्या दिवसापासून पुढील नियम आमच्या घरी मोडत नाहीत :

१. जड पोती आसाच्या पुढे-मागे तळाशी, हलकी वर. शेवटास भर नको.

२. पिनेस खिट्टी व जोडास साखळी नेहमी असावी.

३. हूक खालच्या ठरलेल्या जागीच जोडावा. उंच जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटतो.

४. लहान ट्रॅक्टरचे वजन बहुधा एक टनाच्या आसपास. वरील ट्रॉली त्याच्या दुप्पट. ती उतारावर त्यास ढकलते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. क्लच दाबून गाडी सोडू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असावेत.

५. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतर थांबावयास चौपट अंतर लागते.

६. नोंदणीपत्रात लिहिलेल्या वजनाबाहेर माल भरू नये. मागे तांबडे परावर्तक असावेत.

७. दांडीवर, मडगार्डवर वा मालावर कोणासही बसवू नये. मुलांस तर कदापि नाही.

एक खेप जास्त झाली तर डिझेल थोडे अधिक लागेल, इतकेच. तो खर्च वहीत लिहिता येतो. दुसरा लिहिता येत नाही.