आयर्लंडमधील कृषी प्रदर्शन : बक्षीस एकाला, धडा सर्वांना



प्रदर्शन म्हटले की आपण सहकुटुंब जातो, गर्दीत फिरतो, भेळ खातो, मोठा बैल पाहून तोंडात बोट घालतो आणि परततो. पण तेथून शेतीसाठी काय आणले, असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. आयर्लंडमधील खेड्यांतले प्रदर्शन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

आयर्लंड हा गवताचा देश. शेतजमिनीचा फार मोठा भाग कुरणाखाली. त्यामुळे शेती म्हणजे मुख्यत्वे गाई आणि मेंढ्या. उन्हाळ्यात तेथे गावोगाव एका दिवसाची प्रदर्शने भरतात. किल्केनी परगण्यातील पिलटाउन गावचे आयव्हर्क प्रदर्शन तर १८२६ सालापासूनचे आहे. ते ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी असते. अशा प्रदर्शनांचा बराचसा भार गावचीच माणसे बिनपगारी उचलतात.

सकाळी जनावरे येतात ती धुऊन, केस विंचरून. नंतर रिंगण सुरू होते. कालवडी, दुभत्या गाई, मांसाच्या जातींची जनावरे यांचे गट वेगवेगळे. पांढरा कोट घातलेला मालक म्होरकी धरून जनावर फिरवतो. परीक्षक बहुधा बाहेरगावचा असतो, म्हणजे सोयरेधायरे आड येत नाहीत.

परीक्षक काय पाहतो? दुभत्या गाईची कास पोटाशी घट्ट आहे की लोंबते, सड सारखे आहेत का, पाय व खूर कसे, चाल मोकळी आहे का. मांसाच्या जातीत पाठ आणि पुठ्ठा. नुसते आकारमान मोठे म्हणून पहिला नंबर मिळत नाही, बरं का! क्रम लावल्यावर पुष्कळदा तो ध्वनिक्षेपकावरून कारणेही सांगतो : पहिली गाय दुसरीपेक्षा सरस का, दुसरी कोठे कमी पडली. कुंपणाशी उभी असलेली शाळकरी पोरेही ते ऐकतात. खरी शाळा ती हीच.

तंबूत घरगुती जिन्नस मांडलेले असतात. ताक आणि खाण्याचा सोडा घालून केलेला पाव कापून, आतून नीट भाजला आहे का ते पाहतात. कांद्यांच्या ताटलीत एकच कांदा थोराड असून भागत नाही, सगळे एकसारखे हवेत. या स्पर्धांत गृहिणी आणि मुलेही हिरिरीने भाग घेतात.

जनावरे एकत्र आली की रोगाचे भयही आलेच. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकताची मोठी साथ पसरली. आयर्लंडमध्ये लाउथ परगण्यात एका कळपात रोग सापडला. त्या वर्षी तेथील अनेक प्रदर्शने रद्द झाली. वर्षाचा उत्सव बुडाला तरी चालेल, पण गावची जनावरे वाचली पाहिजेत, हा हिशेब त्यामागे होता.

आता आपल्याकडे या. ऊस पीक स्पर्धेत एकरी टनेज जाहीर होते, हार पडतो, टाळ्या होतात. मागे राहिलेल्या सभासदाला मात्र आपण कोठे कमी पडलो ते कळत नाही. मग तो पुढच्या हंगामात खोडव्यातलेच जुने बेणे पुन्हा सरीत टाकतो, आणि तोच उतारा पदरात पडतो. नुकसान त्याचे, आणि गाळपाला ऊस कमी म्हणून कारखान्याचेही.

यास्तव आमचे सांगणे एवढेच. स्पर्धेचा प्लॉट पाहायला जाल तेव्हा नुसते टनेज विचारू नका. बेणे किती महिन्यांचे होते, कोठून आणले, बेणेप्रक्रिया केली का, दोन सऱ्यांत अंतर किती, मोठी बांधणी केव्हा केली, काणी वा गवताळ वाढीची बेटे उपटून काढली का, हे विचारा व वहीत टिपून घ्या. आणि परीक्षण करणाऱ्यांनाही चारचौघांत विचारा, "पहिला पहिला का?" त्या प्रश्नाचे उत्तर ज्याने घरी नेले, त्याला बक्षीस नसले तरी प्रदर्शन पावले, असे समजावे.