'बुरशी' आणि तिचे शेजारशब्द : एका अर्थक्षेत्राची पाहणी

शब्दाचा अर्थ तो ज्या वस्तूचा निर्देश करतो तिच्यावरून जेवढा ठरतो, तेवढाच तो त्याच्या शेजारी नांदणाऱ्या शब्दांवरूनही ठरतो, ही सोस्यूरप्रणीत भूमिका अभ्यासकांना परिचित आहे. मराठीतील 'बुरशी' हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. व्यवहारात 'बुरशी' व 'कवक' हे शब्द सर्रास पर्यायी म्हणून वापरले जातात. ते खरोखर पर्यायी आहेत काय, आणि नसल्यास या सरमिसळीचे परिणाम कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. सहचर क्रियापदे

भाकरीला बुरशी 'येते', लोणच्यावर ती 'चढते', चामड्याला 'लागते'. अळंबी 'उगवते', तांबेरा 'पडतो'. 'बुरशी'च्या वाक्यरचनेत 'कशाला?' किंवा 'कशावर?' या प्रश्नाचे उत्तर सहसा गृहीत असते. अळंबीला स्वतःचे स्थान आहे. बुरशीला मात्र दुसऱ्याच्या मालकीची वस्तू लागते, आणि ती वस्तू बहुधा माणसाने केलेली, साठवलेली व नंतर दुर्लक्षिलेली असते. परावलंबन, दमटपणा, दुर्लक्ष आणि नासाडी हे 'बुरशी'चे प्रमुख अर्थघटक होत. हा शब्द घराच्या आतून, सांभाळ करणाऱ्याच्या नजरेतून घडलेला आहे.

२. शेजारशब्दांचे वाटप

'अळंबीची भाजी' हा प्रयोग सहज होतो. 'बुरशीची भाजी' होत नाही. होते ती 'बुरशी आलेली भाजी'. शास्त्रदृष्ट्या अळंबी व बुरशी एकाच सृष्टीत मोडतात. पण भाषेने त्यांच्यामध्ये भक्ष्याभक्ष्याची भिंत घातली आहे. गोव्यात वारुळांवर उगवणारी 'अळमी' पावसाळ्यातील मोलाची चीज मानली जाते. तिला कोणी बुरशी म्हणणार नाही. 'भूछत्र' हा शब्द आकारावर बोट ठेवतो. 'कुत्र्याची छत्री' त्याच आकाराला निरुपयोगीपणाचा शेरा जोडते. शहरी बाजारात लागवडीच्या अळंबीसाठी 'मश्रूम' स्थिरावला असून 'अळंबी' रानाकडे सरकली आहे.

शेतीच्या भाषेत वाटप वेगळे आहे. तांबेरा, भुरी, काणी ही नावे पिकावर दिसणाऱ्या लक्षणांची आहेत, कारक जीवाची नव्हेत. द्राक्षबागेतील 'भुरी' कवकजन्य आहे. 'डावणी'चा कारक जीव आधुनिक वर्गीकरणात खऱ्या कवकांत बसत नाही. तरीही दोन्हींवर फवारले जाते ते 'बुरशीनाशक'च. 'शेवाळ' हा आणखी एक शेजारी. त्याला हिरवेपणा व निसरडेपणा आहे. नासाडी त्याच्या अर्थात अंगभूत नाही.

लक्षणेच्या पातळीवर हा भेद अधिक ठळक होतो. विचार 'बुरसटतात', संस्था 'कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवतात'. पहिल्या प्रयोगात साचलेपण आहे, दुसऱ्यात उतावीळ व क्षुद्र वाढ. हे दोन प्रयोग एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

३. 'कवक' : समावेशक शब्दाची घडण

या साऱ्यांना कवेत घेणारा शब्द बोलीव्यवहाराला लागला नाही. तो शास्त्राला लागला. 'कवक' हा शब्द नवा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांत कवकांचा उल्लेख आहे. तेथे अर्थ छत्रीसारख्या उगवणीपुरता मर्यादित आहे. आधुनिक परिभाषेने हा अर्थ विस्तारून त्याला संपूर्ण वर्गाचे नाव केले, आणि मराठी विश्वकोशातील नोंदही याच शब्दाखाली आली. कवकांना 'हरितद्रव्यरहित वनस्पती' म्हणण्याची प्रथा होती. व्हिटेकरने १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी वर्गीकरणात ती वनस्पतींपासून वेगळी झाली. व्याख्या बदलली, शब्द टिकला. कारण त्याला घरगुती साहचर्यांचे ओझे नव्हते.

४. दुसरा विस्तार

वृत्तपत्रे व कृषिप्रसार यांनी मात्र 'बुरशी'लाच समावेशक केले. त्यातून विसंगती उद्भवतात. 'ट्रायकोडर्मा' हे स्वतः कवक असूनही 'जैविक बुरशीनाशक' म्हणून विकले जाते. त्याला 'मित्रबुरशी' म्हणताना विशेषण नामाच्या विरुद्ध उभे राहते.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला 'काळी बुरशी' हे नाव मिळाले, तेव्हा प्रश्न केवळ शैलीचा राहिला नाही. या आजारातील काळेपणा बुरशीच्या रंगाचा नसून रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींचा आहे. त्याचे बीजाणू माती व हवेत सर्वत्र असतात. खरा धोका अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरिक्त वापर यांत होता. 'बुरशी' शब्द मात्र दमट वस्तूवर बाहेरून चढणाऱ्या थराचे चित्र उभे करतो. पाठोपाठ 'पांढरी' व 'पिवळी' बुरशीही बातम्यांत आली आणि रंग हेच जणू वर्गीकरणाचे तत्त्व ठरले. रक्तातील साखरेकडे जावयाचे लक्ष रंगाकडे वळवण्याची शक्यता या नामकरणातच होती.

५. निष्कर्ष

'बुरशी' आणि 'कवक' हे पर्याय नव्हेत. एक शब्द वस्तूच्या बिघाडाचे नाव आहे, दुसरा जीवांच्या वर्गाचे. अर्थविस्तार हा भाषेचा स्वभावच असल्याने 'बुरशी'चा व्यापक वापर अशुद्ध ठरवणे योग्य होणार नाही. परंतु शब्द विस्तारताना आपले जुने अर्थघटक मागे ठेवून येत नाही, हे परिभाषाकार, अनुवादक व अध्यापक यांनी ध्यानात घ्यावयास हवे. 'कवक' दुर्बोध म्हणून टाळताना वाचकाला कोणते चित्र आपण देत आहोत, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारणे अगत्याचे आहे.