रेनम हॉल : एक वाडा, एक भूत आणि चार प्रश्न



इतिहासाच्या तासाला दरवर्षीं कोणी ना कोणी एक प्रश्न विचारतोच : “सर, भुतें खरोखर असतात काय ?” मी त्यास उलट विचारतों, “तूं पाहिलेंस काय ?” तो म्हणतो, “मीं नाहीं, पण आमच्या मामांनीं पाहिलें.” मामांना विचारावें तर त्यांनीं तें एका गाडीवानाकडून ऐकलेलें असतें, आणि गाडीवानास तें कोणीं सांगितलें याचा शोध लागण्याच्या आंतच तास संपल्याची घंटा होते. चाळीस मिनिटांत जें उत्तर पुरें होत नाहीं तें येथें सावकाश देण्याचा विचार आहे. त्यासाठीं इंग्लंडांतील एक जुना वाडा मीं निवडला आहे. बहुतेक भुतें केवळ तोंडीं गोष्टींत राहतात. या वाड्यांतील भूत मात्र पुस्तकांत लिहिलें गेलें आहे आणि छायाचित्रांतही उतरलें आहे, असें सांगतात. तेव्हां साक्ष कशी तपासावी हें शिकण्यास याहून चांगला धडा मिळणें कठीण.

वाडा आणि त्याचे धनी

इंग्लंडच्या पूर्वेस समुद्राला लागून नॉर्फोक नांवाचा परगणा आहे. तेथें रेनम गांवीं हा वाडा आहे. मध्ययुगांत इंग्लंडांतील जमिनीची व्यवस्था ‘मॅनॉर’ या पद्धतीनें चालत असे. गांवची जमीन एका सरदाराकडे असे. रयत ती कसून त्यास खंड देई किंवा त्याच्या शेतांत वेठ करी. आणि गांवचे लहानसहान तंटे त्याच्याच कचेरींत तोडले जात. या सरदाराचें राहतें घर म्हणजे मॅनॉर हाऊस. आपल्याकडील देशमुखांचा वाडा डोळ्यांपुढें आणिला म्हणजे त्याची कांहींशी कल्पना येईल. पुढें काळ पालटला, सरदारांची सत्ता गेली; घरें मात्र राहिलीं, आणि घरांबरोबर गोष्टीही राहिल्या.

रेनमची जहागीर टाउनशेंड घराण्याकडे होती. त्या घराण्यांतील सर रॉजर टाउनशेंड यानें इ. स. १६१९ च्या सुमारास जुनें घर सोडून नवा वाडा बांधावयास घेतला. इटलींतील इमारतींची प्रमाणबद्ध रचना त्या वेळीं इंग्लंडांत नुकतीच माहीत होऊं लागली होती. तिची छाप या तांबड्या विटांच्या वाड्यावर स्पष्ट दिसते. सुमारें शंभर वर्षांनंतर विल्यम केंट या नामांकित कारागिरानें आंतील दालनें सजविलीं. हा वाडा आजही उभा आहे आणि आजही टाउनशेंड घराण्याकडेच आहे.

या घराण्यांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे दुसरा व्हायकाउंट चार्ल्स टाउनशेंड (१६७४–१७३८). तो हॉलंडांत राजदूत होता आणि पुढें राजाचा मंत्री झाला. इंग्लंडचा पहिला मुख्य प्रधान म्हणून ज्याचें नांव तुम्ही पाठ्यपुस्तकांत वाचतां, तो रॉबर्ट वॉलपोल हा त्याचा शेजारी, सहकारी आणि मेहुणा. पुढें दोघांचें बिनसलें. इ. स. १७३० मध्यें टाउनशेंडनें मंत्रिपद सोडलें आणि तो रेनमला येऊन शेती पाहूं लागला.

राजकारणांतून उठलेला मनुष्य बहुधा विस्मृतींत जातो. हा शेतांत गेला आणि अमर झाला. गहूं, सलगम, सातू आणि क्लोव्हर नांवाचा घास अशीं चार पिकें पाळीपाळीनें घ्यावयाचीं, म्हणजे जमीन पड टाकावी लागत नाहीं, या पद्धतीचा त्यानें जोरानें पुरस्कार केला. सलगमामुळें जनावरांस हिंवाळ्यांत चारा मिळे. जनावरांमुळें शेतास खत मिळे. आणि क्लोव्हरच्या मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत सांठवीत. आपला शेतकरी ज्वारीच्या जोडीला तूर पेरतो, त्यांतील एक मर्म हेंच आहे. नॉर्फोकमध्यें सलगमाची लागवड त्याच्या आधींपासून होत होती. परंतु एवढ्या मोठ्या सरदारानें तिचा कैवार घेतल्यामुळें लोकांनीं त्याला ‘टर्निप टाउनशेंड’, म्हणजे सलगमवाला टाउनशेंड, हें नांव दिलें. लोकांचें पोट भरण्यास ज्यानें हातभार लावला, त्यास याहून मानाची पदवी कोणती द्यावी ?

तपकिरी वस्त्रांतील बाई

चार्ल्सची पहिली पत्नी इ. स. १७११ मध्यें वारली. दोन वर्षांनीं त्यानें रॉबर्ट वॉलपोलची बहीण डॉरोथी हिच्याशीं विवाह केला. डॉरोथीचा जन्म १६८६ चा. ता. २९ मार्च १७२६ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, ती वारली. मृत्यूचें कारण देवीचा रोग, अशी नोंद आहे.

नोंद एवढीच आहे. गोष्ट मात्र पुष्कळ लांब आहे. लोक म्हणूं लागले कीं, डॉरोथीचें वर्तन बरें नव्हतें, म्हणून नवऱ्यानें तिला एका खोलींत कोंडून ठेविलें. कोणी म्हणाले, तिला तिच्या मुलांचीं तोंडेंही पाहूं दिलीं नाहींत. कोणी म्हणाले, ती देवीनें नव्हे तर दुःखानें झुरून मेली. आणखी कोणी म्हणाले, तिला जिन्यावरून ढकलून दिलें. आणि मग, इतका अन्याय सोसलेली बाई स्वस्थ कशी बसेल ? ती तपकिरी जरीच्या वस्त्रांत, हातीं दिवा घेऊन, वाड्याच्या जिन्यावरून फिरते असें ठरलें. तिला लोक ‘ब्राऊन लेडी’ म्हणतात.

हें भूत पाहिल्याची पहिली लेखी हकीकत इ. स. १८३५ च्या नाताळांतील आहे. वाड्यांत पाहुणे जमले होते. कर्नल लॉफ्टस नांवाचा एक पाहुणा रात्रीं आपल्या खोलीकडे जात असतां त्याला व त्याच्या सोबत्याला जुन्या तऱ्हेच्या तपकिरी पोषाखांतील एक बाई दिसली. दुसऱ्या रात्रीं लॉफ्टसला ती पुन्हां दिसली. तिचा चेहरा उजळलेला होता, पण डोळ्यांच्या जागीं नुसत्या काळ्या खोबणी होत्या. ही बातमी ऐकून कित्येक नोकर काम सोडून गेले, असेंही त्या हकीकतींत आहे.

पुढच्याच वर्षींची गोष्ट कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट याची. समुद्रावरील साहसाच्या कादंबऱ्या लिहिणारा जो आरमारी अधिकारी, तोच हा. त्याचा भुतांवर विश्वास नव्हता. चोरटा माल आणणारे लोक वाड्यांत कोणी येऊं नये म्हणून ही आवई उठवीत असावेत, असा त्याचा तर्क होता. म्हणून जेथें त्या बाईची तसबीर टांगलेली होती त्याच खोलींत तो हट्टानें निजला. तिसऱ्या रात्रीं दोन तरुणांसह तो बोळांतून जात असतां समोरून एक बाई दिवा घेऊन येतांना दिसली. अंगावर पुरते कपडे नसल्यामुळें तिघेही संकोचानें एका दाराआड उभे राहिले. ती बाई जवळ आली, तिनें दिवा आपल्या तोंडापर्यंत उचलला आणि ती दुष्टपणानें हंसली. मॅरियटनें तत्काळ पिस्तूल झाडलें. बाई नाहींशी झाली आणि गोळी समोरच्या दारांत रुतून बसली.

शेवटची साक्ष छायाचित्राची. ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं कॅप्टन प्रोव्हँड आणि त्याचा सहकारी इंद्रे शिरा हे ‘कंट्री लाइफ’ या साप्ताहिकासाठीं वाड्याचीं छायाचित्रें घेत होते. दुपारीं चारच्या सुमारास जिन्यावरून धुक्यासारखी एक आकृति उतरतांना शिराला दिसली. त्याच्या सांगण्यावरून प्रोव्हँडनें भिंगावरील झांकण काढलें, शिरानें लखकन् उजेड पाडला, आणि कांचेवर एक पांढुरकी, बुरखा घेतल्यासारखी आकृति उमटली. ता. २६ डिसेंबर १९३६ च्या अंकांत तें चित्र प्रसिद्ध झालें आणि जगभर गाजलें.

चार प्रश्न

आतां आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसूं. समोर तीन साक्षी आहेत. त्यांना चार प्रश्न विचारावयाचे.

पहिला प्रश्न : हें कोणीं पाहिलें, आणि आपणांस कोण सांगत आहे ? लॉफ्टसची हकीकत आपणांस लॉफ्टसकडून मिळत नाहीं. ती ल्यूशिया स्टोन नांवाच्या बाईच्या लेखांतून मिळते. मॅरियटची गोष्टही मॅरियटनें लिहिलेली नाहीं. ती त्याची मुलगी फ्लॉरेन्स हिनें लिहिली. म्हणजे येथेंही मामा आणि गाडीवान आहेतच.

दुसरा प्रश्न : पाहिलें केव्हां, लिहिलें केव्हां ? फ्लॉरेन्स मॅरियटनें ही गोष्ट इ. स. १८९१ च्या आपल्या पुस्तकांत सांगितली. घडल्यास तोंवर पंचावन्न वर्षें झालीं होतीं आणि बापास वारून त्रेचाळीस. फ्लॉरेन्सचा जन्म १८३३ चा. म्हणजे बापानें पिस्तूल झाडलें तेव्हां ती तीन वर्षांची होती! आणि मूळची गोष्ट पाहा. डॉरोथी वारली १७२६ मध्यें. तिला पाहिल्याची पहिली लेखी हकीकत १८३५ ची. मधल्या एकशें नऊ वर्षांत पणतवंडें म्हातारीं होतात.

तिसरा प्रश्न : सांगणाराचें मन आधींच कोणीकडे झुकलेलें होतें ? फ्लॉरेन्सचा मृतात्म्यांशीं बोलण्याच्या बैठकींवर दृढ विश्वास होता, आणि तिचें पुस्तक त्याच मताच्या प्रसारासाठीं लिहिलेलें होतें. म्हणून ती खोटें बोलली असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या गोष्टीनें आपलें मत दृढ होतें, ती आपण सर्वच जण कमी तपासतों. मॅरियट स्वतः अश्रद्ध होता खरा. पण त्याच तसबिरीखालीं रात्रीं काढलेल्या माणसाला अंधाऱ्या बोळांत काय दिसेल, याचाही विचार केला पाहिजे.

चवथा प्रश्न : याहून साधें कारण संभवतें काय ? छायाचित्राविषयीं हॅरी प्राइस या शोधकानें दोघांचीही उलटतपासणी केली, आणि त्यांच्या जबानींत आपणांस वैगुण्य आढळलें नाहीं असें त्यानें लिहिलें. पण जबानी सरळ असली म्हणून कांच निर्दोष ठरत नाहीं. एकाच कांचेवर दोन चित्रें पडलीं, भिंगावर तेलकट डाग पडला, किंवा उजेड भलत्याच बाजूनें शिरला, तरी अशी आकृति उमटूं शकते. त्या चित्रांत दोन प्रतिमा एकमेकींवर पडल्याच्या खुणा दिसतात, असें तें बारकाईनें तपासणाऱ्या टीकाकारांनीं दाखविलें आहे.

मग निकाल काय ? भुतें नाहींत असें मीं सिद्ध केलें, असें कोणी घरीं जाऊन सांगूं नये. इतिहासाला तेवढें सिद्ध करितां येत नाहीं. इतिहास एवढेंच म्हणतो कीं, पुढें आलेली साक्ष या दाव्याचें ओझें पेलीत नाहीं.

ज्यांच्यावर अन्याय झाला

येथवर ही करमणूक झाली. परंतु या गोष्टींत एक गंभीर बाब आहे, आणि तीसाठींच हा लेख लिहिला.

भूत खरें असो वा नसो, डॉरोथी खरी होती. चाळिशींत, पदरीं मुलें असतां, ती एका भयंकर रोगानें गेली. देवीचा रोग त्या काळीं राजवाड्यांतही शिरे आणि झोंपडींतही. त्यावर देवी टोंचून घेण्याचा एक उपाय लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिनें तुर्कस्थानांत पाहिला आणि इ. स. १७२१ मध्यें लंडनांत आपल्या मुलीस टोंचून दाखविला. गोस्तनी देवीची जेन्नरची लस निघावयास १७९६ साल उजाडावें लागलें. ती लस हिंदुस्थानांत प्रथम मुंबईस ता. १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली. आणि देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याची घोषणा झाली १९८० मध्यें. डॉरोथीचा प्राण घेणारें खरें भूत तें हेंच, आणि त्यास घालविलें तें मंत्रानें नव्हे.

परंतु लोकांना रोगाची गोष्ट रुचली नाहीं. पापाची गोष्ट रुचली. एका मृत बाईला त्यांनीं कुलटा ठरविलें आणि तिच्या नवऱ्याला तुरुंगाचा पहारेकरी ठरविलें. दोघांपैकीं एकालाही उत्तर देण्याची सोय नव्हती. ज्यानें शेतीचा नवा मार्ग चोखाळला त्याचें काम थोड्यांना ठाऊक आहे. त्यानें बायकोला कोंडलें ही वदंता मात्र पुष्कळांना ठाऊक आहे. तिला आधार देणारा खात्रीचा पुरावा नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

पालकहो, आपल्या गांवींही हें घडत नाहीं काय ? आळींतील एखादी सून तापानें दगावते, आणि तेराव्या दिवसाच्या आंत विहिरीवर तिची निराळीच कथा तयार होते. वर्षानें त्या वाटेवरून संध्याकाळीं मुलांना जाऊं देत नाहींत. कोठें खरोखरच अपराध घडला असेल तर त्याचा तपास झाला पाहिजे, उघड्यावर झाला पाहिजे. पण ज्याचा तपास करावयाचा नाहीं, त्याविषयीं कुजबुजत राहणें हा मेलेल्यांवर आणि जिवंतांवर सारखाच जुलूम आहे.

मुलांनो, भुताची गोष्ट जरूर ऐका. दिवाळीच्या सुट्टींत आजीच्या अंथरुणांत शिरून ऐकावी, भ्यावें, आणि हंसावें. पण कोणी एखाद्या माणसाविषयीं वाईट सांगूं लागला, तर तीं चार प्रश्न आठवा : कोणीं पाहिलें ? केव्हां सांगितलें ? सांगणाराचें मन कोणीकडे आहे ? आणि याहून साधें कारण आहे काय ? वार्षिक परीक्षेंत हे प्रश्न मी विचारणार नाहीं. ते तुम्हांला जन्मभर कोणी ना कोणी विचारायला लावीलच.