उपमा आणि कारभार

आपल्या बिदर-कलबुर्गीकडील कितीतरी मुले आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या कंपन्यांत आहेत. काहींच्या हाताखाली माणसेही आहेत. तेथे माणसाला ‘रिसोर्स’ म्हणतात आणि मुदतीला ‘डेडलाइन’. सन १८६४ मध्ये अमेरिकेतील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जी रेषा ओलांडताच गोळी झाडीत, तिचे हेच नाव होते! शब्द सवयीने निरुपद्रवी वाटतात. परंतु माणूस म्हणजे साधन, ही उपमा मनात ठसली, की आजारी आईसाठी रजा मागणारा सहकारी बंद पडलेल्या यंत्रासारखा दिसू लागतो.

याउलट बाराव्या शतकात आपल्याच बसवकल्याणात बसवेश्वर व त्यांच्या शरणांनी श्रमाला ‘कायक’ म्हटले आणि कमाई इतरांसाठी वेचण्याला ‘दासोह’. कायक म्हटले की राबणारी काया आठवते. म्हणूनच जोडे शिवणारे हरळय्या, नाव वल्हवणारे चौडय्या, कपडे धुणारे माचय्या हे तेथे बरोबरीचे ठरले. बसवेश्वर स्वतः राजा बिज्जळाचे भांडारी होते, हे अधिकाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावे.

तेव्हा वाचकहो, एक लहानसा अभ्यास करावा. हाताखालच्या माणसाविषयी आपण कोणते शब्द योजतो, ते आठ दिवस टिपून ठेवावे. आपली वागणूक त्या यादीतच सापडेल.