परवानगी आणि मुभा : निर्बंधांची भाषा

२०२० मधील टाळेबंदीचे आदेश आठवा. बारामती वा इंदापूरहून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ई-पास काढावा लागे. दूध-भाजीपाल्याच्या वाहतुकीस मात्र आदेशातच सूट होती. पहिली परवानगी, दुसरी मुभा. परवानगीसाठी अर्ज करून थांबावे लागते. मुभेत अर्जच नसतो.

आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांतही हाच भेद निर्णायक ठरतो. नियमभंगाच्या भीतीने बँका मदतसंस्थांचेही पैसे अडवून ठेवत. ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ संमत केला आणि संपत्ती गोठवण्याच्या नियमांतून मदतकार्याचा निधी, वस्तू व सेवा यांना मुभा दिली. त्यात ‘मूलभूत मानवी गरजां’ना पूरक कामांचाही उल्लेख आहे, त्यामुळे मुभा केवळ तातडीच्या मदतीपुरती राहत नाही. चौदा सदस्य अनुकूल होते. दहशतवादी गट गैरफायदा घेतील, या चिंतेने भारत तटस्थ राहिला. मुभा जितकी व्यापक, तितकी तिची शब्दयोजना काटेकोर हवी.

स्वाध्याय : ‘परवानगीशिवाय मालवाहतूक करू नये’ आणि ‘औषधे वगळता मालवाहतूक करू नये’ यांपैकी कोणत्या नियमाखाली रुग्णाला औषध वेळेवर मिळेल? सकारण लिहा.