जुन्या पान्यांची पारख

पहिला पाऊस पडून सरदाच्या भाताची नांगरणी सुरू झाली, की गावातील पॉवर टिलरला क्षणाची उसंत नसते. नेमक्या अशा वेळी रोटरीचे एखादे पाते सैल होते. पाना लावावा, तर तो नटावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर देताच सरकतो. दोनचार वेळा असे झाले की नटाचे सहाही कोपरे झिजतात आणि तो छिन्नीने तोडल्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाना स्वस्तात मिळालेला असतो. परंतु वाया गेलेला बोल्ट, दुरुस्तीची मजुरी आणि नांगरणीचा बुडालेला दिवस यांची बेरीज केली, म्हणजे तो किती महाग पडला हे ध्यानी येते.

असे असले तरी जुना, साध्या बनावटीचा पाना विकत घेणे हा अविचार नव्हे. साध्या पान्यात बिघडण्यासारखा हलता भाग नसतो. नीट घडवलेला पोलादी पाना दोन पिढ्याही काम देऊ शकतो. भंगाराच्या दुकानात, आठवडी बाजारात किंवा बंद पडलेल्या गॅरेजच्या विक्रीत असे पाने अल्प किमतीत मिळतात. प्रश्न आहे तो पारखीचा.

आधी यंत्र, मग बाजार

खरेदीस निघण्यापूर्वी आपल्या यंत्रावर कोणत्या मापाचे नट आहेत, याची यादी करणे अगत्याचे आहे. पान्यावर कोरलेला मिलिमीटरचा आकडा बोल्टाची जाडी दाखवीत नाही. नटाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर तो दाखवितो. ८ मि.मी. जाडीच्या बोल्टास बहुधा १३ चा पाना लागतो. १० मि.मी. बोल्टास जुन्या पद्धतीत १७ चा, नव्या पद्धतीत १६ चा, तर जपानी बनावटीच्या काही यंत्रांत १४ चा लागतो. १२ मि.मी. बोल्टास १९ चा किंवा १८ चा लागतो. यास्तव अंदाजावर विसंबू नये. नट प्रत्यक्ष मोजावा. उच्च माध्यमिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील एका टिलरचे व एका पंपाचे नट मोजून घेतले, तर पाठ्यपुस्तकातील धडा आणि शेतकऱ्याची गरज ही दोन्ही एकाच वेळी साधतील.

इंच आणि मिलिमीटर

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ही मापे टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. तथापि ब्रिटिश व अमेरिकी आराखड्यांवर बांधलेल्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांवर इंची बोल्टच राहिले. त्यामुळे जुन्या मालाच्या ढिगात दोन्ही जातींचे पाने एकत्र सापडतात.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी. तेव्हा या ठिकाणी एक पाना दुसऱ्याचे काम करू शकतो. अर्धा इंच मात्र १२.७ मि.मी. आहे; त्या नटावर १३ चा पाना सैल बसतो आणि कोपरे खातो. ९/१६ इंच म्हणजे सुमारे १४.३ मि.मी.; तेथे १४ चा पाना शिरत नाही आणि १५ चा डुगडुगतो. अधिक फसवा प्रकार व्हिटवर्थ पान्यांचा. त्यांवरील अपूर्णांक जबड्याचे माप नसून बोल्टाची जाडी असते. ३/८ व्हिटवर्थ असे लिहिलेल्या पान्याचा जबडा प्रत्यक्षात सुमारे १८ मि.मी. असतो. म्हणून बाजारात जाताना आकडे पाठ करून जाण्यापेक्षा यंत्राचे न झिजलेले चारपाच नट खिशात घालून नेणे उत्तम. पाना त्यावर तेथेच लावून पाहावा. तो सहज चढावा, पण विशेष हलू नये.

पान्याची तपासणी

१. जबडा : उघड्या तोंडाच्या पान्याच्या दोन्ही बाजू समांतर असाव्यात. तोंडाशी अंतर जास्त व आत कमी असेल, तर जबडा पसरलेला आहे असे समजावे. रिंग पान्यातील आतले कोपरे बोटाने चाचपावेत. ते गुळगुळीत झाले असतील तर तो घेऊ नये.

२. दांडा : पाना डोळ्यासमोर आडवा धरून कडेने पाहावा. वाक किंवा पीळ असल्यास त्यावर नळी घालून जोर दिला गेला आहे, हे उघड होते. हातोडीचे घाव हीही तशीच खूण होय.

३. तडा : पाना पुसून त्यास डिझेल लावावे, काही वेळाने कोरडा करावा व त्यावर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास आतील डिझेल बाहेर झिरपून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते.

४. ताव : जबड्याजवळ निळसर-जांभळी झाक दिसल्यास पाना केव्हा तरी तापविला गेला आहे. त्याचा कठीणपणा गेलेला असू शकतो. विक्रेत्याच्या संमतीने कडेवर बारीक कानस फिरवून पाहावी. ती मऊ लोखंडात रुतावी तशी रुतत असेल, तर तो पाना सोडून द्यावा.

५. गंज : वरवरचा तांबूस गंज तेल व तारेच्या ब्रशाने निघतो. जबड्याच्या आतील बाजूस खड्डे पडले असतील, तर मात्र ते भरून येत नाहीत. क्रोमचा मुलामा पापुद्र्यांसारखा सुटत असेल, तर त्याने हात कापतो.

जोड दिलेला किंवा घासून माप वाढविलेला पाना फुकट मिळाला तरी नको. स्क्रू पान्याचा हलता जबडा डुगडुगत नाही, हे पाहावे. ठरावीक जोराने नट आवळण्यासाठी वापरावयाचा टॉर्क पाना जुना घेऊ नये. त्याचे माप बिघडले आहे काय, हे डोळ्यांनी कळत नाही. जुन्या पान्याची किंमत नव्याच्या निम्म्याहून अधिक सांगितली, तर नवाच घेणे हिताचे. पावती मागावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, याचेही भान ठेवावे.

प्रथम कोणता घ्यावा

पैसे थोडे असतील तर यादीतील मापांचे रिंग पाने आधी घ्यावेत. उघडा पाना नटाच्या दोनच कोपऱ्यांवर जोर देतो. रिंग पाना सर्व बाजूंनी पकडतो. खाजन शेतीत चालणाऱ्या यंत्रांना हे विशेष लागू आहे. तेथील खारट चिखलाने नट लवकर गंजतात आणि घट्ट बसतात. असा नट सोडविण्यापूर्वी त्यावर तेल टाकून रात्रभर ठेवावे. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो निसटला तर बोटांची सालटी यंत्राच्या कडेवर निघतात. काम संपल्यावर पाने गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, तेलाच्या फडक्यात गुंडाळावेत.

एका शेतकऱ्यास सर्व मापे परवडत नसतील, तर सहकारी सोसायटीने किंवा चारपाच शेजाऱ्यांनी मिळून एक संच करावा आणि कोणता पाना कोणाकडे गेला, याची वही ठेवावी. मृग बरसण्याआधी एक दुपार या कामी खर्च केली, तर ऐन नांगरणीचा एक दिवस वाचेल. आणि भाताच्या शेतीत त्या एका दिवसाचे मोल शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.