बाणकोट : समुद्रकाठचे एक लहान गाव

प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र हा यापो येथे समुद्रकाठी राहणाऱ्या शिमोन चांभाराच्या घरी उतरला होता, असे आपण वाचतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ बंधुभगिनींनी समुद्र पाहिलेला नाही. आपल्या पूर्णेचे पाणी तापीतून अखेर अरबी समुद्रासच मिळते. तथापि समुद्रकाठचे गाव कसे असते हे समजावून देण्यास उदाहरण पाहिजे. याकरिता बाणकोट घेऊ, कारण मराठी देशातील सुवार्ताकार्याशीही त्या गावाचा संबंध आहे.

बाणकोट हे रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी वसले आहे. तेथील खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते. आपला शेतकरी जसा मृगाकडे डोळे लावून बसतो, तसा तेथील कोळी भरतीची वेळ पाहून होडी लोटतो. पूर्वी शिडाची गलबते याच भरतीबरोबर माल घेऊन महाडाकडे जात. मुखाशी वाळूचा दांडा असल्यामुळे मोठ्या जहाजांस मात्र आत येणे कठीण. म्हणून मुंबईसारखे मोठे बंदर येथे कधी झाले नाही.

टेकडीवर जांभ्या दगडाचा किल्ला आहे, त्याचे नाव हिम्मतगड. 1755 साली कमोडोर जेम्स याने तो आंग्र्यांपासून घेतला, व 1756 च्या तहाने बाणकोट इंग्रज कंपनीकडे राहिले. तिने किल्ल्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. हे नाव राणीवरून पडले असे कोणी सांगितल्यास मानू नये. ती 1819 साली जन्मली. पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणची मुख्य कचेरी प्रथम येथेच होती, ती 1822 साली रत्नागिरीस नेण्यात आली.

सरकारची कचेरी गेली, आणि लागलीच 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे रे. डोनाल्ड मिचेल या देशी आले. ते त्याच वर्षी वारले. तरी काम थांबले नाही. जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर व स्टीव्हन्सन या बंधूंनी बाणकोट व हर्णै येथे राहून आसपासच्या खेड्यांत मराठी शाळा चालविल्या. 1829 साली आलेले रे. जॉन विल्सन यांनीही आरंभी याच किनाऱ्यावर राहून मराठीचा अभ्यास केला. मुंबईत त्यांचे जे मोठे नाव झाले, त्याच्या मुळाशी कोकणातील हे दिवस आहेत.

पुढे मिशनने आपले बळ पुणे व मुंबई येथे लावले, व बाणकोट मागे राहिले. मोठ्या शहरी अधिक लोक भेटतात, हे खरे. परंतु ज्या मुलांनी त्या खेड्यांत नुकतीच अक्षरे गिरविली होती, त्यांच्याकडे मग कोण गेले? उपदेशकास एका गावाहून दुसऱ्या गावी हलविण्याचा विचार चालतो, तेव्हा आपल्या मंडळ्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा.